सूचनेला उत्तर कोण देणार?



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, ते सर आयटीआयमध्ये टर्नर-फिटरच्या मुलांना शिकवायचे. त्यांच्या हाताखालून गेलेली बरीच मंडळी समोर बसलेली दिसताहेत. त्यांच्याविषयी बोलायचा अधिकार या मंडळींचा आहे, माझा नाही. सरांना लांबलेलं प्रास्ताविक आवडत नसे असं ऐकलंय, तेव्हा मी विषयाकडेच येतो.

संयोजकांनी मला विषय दिला तो असा : 'कर्मचाऱ्यांना कल्पक कसे बनवावे'. हा विषय हल्ली फार चालतो. त्यावर कार्यशाळा होतात, रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवल्या जातात, दुपारचं जेवण चांगलं असतं. पण या शीर्षकात एक गृहीत दडलंय. कर्मचारी मुळात कल्पक नसतो, आणि आपण शहाण्या मंडळींनी त्याला तसं बनवायचं असतं. माझी हयात फाउंड्री आणि मशीन शॉपमध्ये गेली, त्यामुळे मला हे गृहीत मान्य होत नाही. कुपवाडच्या किंवा मिरजेच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये जाऊन बघा. लेथला बांधलेली सुतळी, कूलंटचा फवारा वळवायला पत्र्याचा वाकवलेला तुकडा, गेज म्हणून वापरायला घासून ठेवलेला बोल्ट. यातलं काहीही ड्रॉइंगमध्ये नसतं. ते शिकवायला कुणी कन्सल्टंट आलेला नसतो. ज्याला रोज त्रास होतो त्यानं तो आपल्यापुरता मिटवलेला असतो.

म्हणजे कल्पना असतात. त्यातली एखादी कुणी बोलून दाखवली तर पुढे काय होतं, हा खरा प्रश्न. तिला उत्तर कोण देतं, किती दिवसांत देतं आणि त्या उत्तराचा भुर्दंड कुणाला पडतो, एवढ्यावरच कारखाना शिकतो की साचतो हे ठरतं, असं माझं मत आहे. आज तेवढंच मांडणार आहे.

कामगारांना विचारून बघावं ही कल्पना आजकालची नाही. स्कॉटलंडमध्ये डंबार्टन इथं विल्यम डेनी अँड ब्रदर्स नावाचा जहाजबांधणीचा कारखाना होता. 'कटी सार्क' हे प्रसिद्ध शिडाचं जहाज पुरं करणारी हीच मंडळी. मूळ बांधणाऱ्यांचं दिवाळं निघालं तेव्हा अर्धवट जहाज यांनी हाती घेतलं. या डेनींनी १८८० मध्ये कामगारांसाठी बक्षीस योजना काढली. यंत्रात, हत्यारात, कामाच्या पद्धतीत सुधारणा सुचवायची, समितीनं ती तपासायची, पटली तर पैसे द्यायचे. पुढे १८९८ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला कोडॅक कंपनीनं सूचना योजना सुरू केली. तिथल्या पहिल्या बक्षिसाची गोष्ट मला फार आवडते. एका कामगारानं सुचवलं, खिडक्यांच्या काचा धुवा म्हणजे आत उजेड येईल. त्याला दोन डॉलर मिळाले. कॅमेऱ्याच्या फिल्म बनवणाऱ्या कंपनीला उजेडाचं महत्त्व कामगारानं सांगावं लागलं, यात हसण्यासारखं आहेच. पण कुणीतरी ते वाचलं, काचा धुतल्या आणि पैसे दिले, हेही तितकंच खरं. या कोडॅककडे मला पुन्हा यायचं आहे.

त्याच सुमारास अमेरिकेत फ्रेडरिक टेलर हातात स्टॉपवॉच घेऊन कामगारांच्या मागे उभा होता. १९११ मध्ये त्याचं 'शास्त्रीय व्यवस्थापनाची तत्त्वं' हे पुस्तक आलं. कामाची एक सर्वोत्तम पद्धत असते, ती अभ्यास करून इंजिनिअरनं शोधायची आणि कामगारानं तंतोतंत पाळायची, हा त्याचा गाभा. टेलरनं उत्पादन वाढवलं हे नाकारता येत नाही. पण विचार एकीकडे आणि हात दुसरीकडे अशी जी फाळणी त्यानं केली, ती आपल्याकडच्या शॉप फ्लोअरवर आजही शाबूत आहे. भिंतीवर सूचनापेटी टांगलेली असते, आणि तिच्याच खाली सुपरवायझर सांगत असतो, "तू डोकं चालवू नकोस, सांगितलंय तेवढं कर."

आता एक पाहिलेली गोष्ट सांगतो. कारखान्याचं नाव सांगत नाही.

फाउंड्रीत कोअर शॉप असतो. कास्टिंगमध्ये जिथं पोकळी हवी तिथं बसवायला वाळूचे गाभे करतात, त्यांना कोअर म्हणतात. वाळू आणि रेझिनचा हा ठोकळा दिसायला दगडासारखा, पण कडेला जरा धक्का लागला की टवका उडतो. आमच्या भागात हे काम बहुतेक बायका करतात. हात हलका लागतो. एका कारखान्यात कोअर मोल्डिंग लाइनपर्यंत न्यायला लोखंडी अँगलच्या ट्रॉल्या होत्या. फरशीच्या सांध्यावरून ट्रॉली गेली की कोअर अँगलवर आपटायचे. तिथल्या एका बाईंनी घरून सायकलची जुनी ट्यूब आणली, उभी चिरली आणि ट्रॉलीच्या कडांवर चढवून सुतळीनं बांधली. बाकीच्या बायकांनी बघून आपापल्या ट्रॉल्यांना तसंच केलं. हे कुणी कुणाला सांगितलं नाही, कुठल्या फॉर्मवर आलं नाही.

पुढे कारखान्यात 'फाइव्ह एस'ची मोहीम निघाली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, ही कामाची जागा नीटनेटकी ठेवण्याची जपानी शिस्त. नको असलेल्या वस्तूंना लाल टॅग लावायचे आणि त्या हलवायच्या. ऑडिट झालं, ट्रॉलीवरच्या फाटक्या, काळ्या ट्यूबांना लाल टॅग लागले. ट्यूबा गेल्या, ट्रॉल्यांना पिवळा रंग मिळाला, फोटो काढले गेले. त्यानंतर कोअर फुटायचं प्रमाण वाढलं. इंजिनिअर मंडळी कामाला लागली. वाळूची तपासणी झाली, रेझिनचं प्रमाण वाढवून बघितलं, पुरवठादाराला बोलावून झापलं. ट्रॉलीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही, कारण ट्रॉली आता ऑडिटमध्ये पास झालेली होती. शेवटी एका जुन्या मुकादमानं ट्यूबांची गोष्ट सांगितली.

मॅनेजरनं त्या बाईंना बोलावून घेतलं. माणूस चांगला होता, रागावला नाही. म्हणाला, "मावशी, एवढी चांगली युक्ती, आधी सांगायचं नाही का?" त्या म्हणाल्या, "सांगून काय सायेब? कोअर फुटत न्हाईत म्हटल्यावर उद्या तुम्हीच म्हनाल, मग एक बाई कमी करू."

या वाक्यापुढे व्यवस्थापनावरची बरीच पुस्तकं फिकी पडतात. त्या बाईंचा हिशेब चोख होता. सुधारणेचा फायदा कारखान्याला, तिची झळ शेजारणीला. असा सौदा कुठला शहाणा माणूस करेल? आपल्याकडे इन्सेंटिव्हवर काम करणाऱ्या प्रत्येक ऑपरेटरला हे पाठ असतं. हात जरा लवकर चालायला लागला की टार्गेट वाढवून मिळतं. म्हणून हुशार ऑपरेटर आपली युक्ती टाइम स्टडीवाला आला की बाजूला ठेवतो. त्याला 'मानसिकता बदला' असं सांगणाऱ्यांनी आधी आपली रेट शीट बदलावी.

इथं टोयोटाचा विषय काढावाच लागतो. टोयोटाचं नाव घेतलं की आपल्याकडे लगेच जपानी शिस्त, जपानी संस्कृती यांवर गाडी घसरते. मी एवढंच म्हणेन की तिथल्या कामगारांचं मालकांशी १९५० मध्ये जोरदार भांडण झालं होतं. युद्धानंतर कंपनी बुडायच्या बेतात होती. दोन हजारांहून जास्त लोकांना जावं लागलं, लांबलेला संप झाला, आणि कंपनीचे संस्थापक किइचिरो टोयोडा यांनी जबाबदारी घेऊन अध्यक्षपद सोडलं. माणसं कमी करायची वेळ आली तेव्हा मालकही गेला, हे तिथल्या कामगारांनी पाहिलं. पुढे १९६२ मध्ये युनियन आणि व्यवस्थापन यांनी परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा काढला. मधल्या बारा वर्षांत जे साधलं ते संस्कृतीतून आपोआप उगवलेलं नव्हतं.

त्याच १९५० मध्ये टोयोटाचे एइजी टोयोडा अमेरिकेत फोर्डचा रूज इथला अवाढव्य कारखाना बघायला गेले. यंत्रं, कन्व्हेयर, भट्ट्या सगळं बघितलं. जाताना बरोबर नेण्यासारखं जे सापडलं त्यात फोर्डची सूचना योजना होती. १९५१ मध्ये टोयोटानं ती आपल्याकडे सुरू केली. म्हणजे आपण जिला अस्सल जपानी समजतो ती पद्धत अमेरिकेतून आलेली आहे. फरक पडला तो राबवण्यात. अमेरिकी पद्धतीत सूचना पेटीतून समितीकडे जाई, समिती बचतीचा हिशेब करी, आणि क्वचित कुणाला तरी घसघशीत रक्कम मिळे. टोयोटानं बक्षिसं किरकोळ ठेवली आणि सूचना पाहण्याचं काम मुख्यत्वे कामगाराच्या लगतच्या वरिष्ठाकडे दिलं. सुचवणाऱ्यानंच ती करून बघायची, वरिष्ठानं लागेल ती मदत करायची. त्यामुळे उत्तर ओळखीच्या माणसाकडून आणि लवकर मिळू लागलं. 'नाही' असं उत्तर असलं तरी त्यामागचं कारण समोरासमोर कळू लागलं.

हे सगळं जपानच्या बाहेर चालतं का, याची परीक्षा कॅलिफोर्नियात झाली. फ्रेमाँट इथला जनरल मोटर्सचा कारखाना भांडणांसाठी आणि गैरहजेरीसाठी बदनाम होता. गैरहजेरी वीस टक्क्यांच्या घरात. जनरल मोटर्सनं तो १९८२ मध्ये बंद केला. १९८४ मध्ये टोयोटाबरोबर भागीदारीत तोच कारखाना 'नुमी' या नावानं पुन्हा उघडला. युनियन तीच आणि कामगारही बहुतांश तेच, जुने. काही वर्षांत गैरहजेरी तीन-चार टक्क्यांवर आली, आणि तिथल्या गाड्यांचा दर्जा टोयोटाच्या जपानमधल्या कारखान्यांच्या जवळ पोहोचला.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक म्हणजे टेलरचं स्टॉपवॉच तिथं कामगारांच्याच हातात दिलं गेलं. गटातली माणसं एकमेकांच्या कामाची वेळ मोजायची, त्यातली सोपी पद्धत निवडायची, कागदावर उतरवायची आणि दुसऱ्या शिफ्टशी ताडून बघायची. ठरलेली पद्धत काटेकोरपणे पाळायची हे टेलरचंच म्हणणं. पण ती ठरवायची कुणी, हे उलटं झालं. कल्पकता म्हणजे मोकाट सुटणं असं समजणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. पद्धत नीट लिहिलेली नसेल तर सुधारणा कशात करणार आणि झाली की नाही हे कळणार कसं?

दुसरी गोष्ट करारातली. कंपनीचं अस्तित्वच धोक्यात आल्याशिवाय कामगार कमी करणार नाही, आणि तशी वेळ आलीच तर आधी वरच्यांचे पगार कापू, असं लिहून दिलं होतं. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या गाडीचा खप घसरला, काम कमी पडलं. तेव्हा कुणाला घरी पाठवलं नाही. रिकाम्या हातांना प्रशिक्षणाला आणि सुधारणेच्या कामाला लावलं. आमच्या कोअर शॉपमधल्या मावशींना हेच हवं होतं. त्यांना बक्षीस नको होतं, हमी हवी होती.

नुमीमधली दोरी तुम्हाला माहीत असेल. लाइनच्या कडेनं दोरी असायची, काही चुकतंय असं वाटलं की कामगारानं ओढायची. गटप्रमुख धावत यायचा, वेळेत सुटलं नाही तर लाइन थांबायची. जनरल मोटर्सनं नंतर ही दोरी आपल्या इतर कारखान्यांत नेली. दोरी बसवणं सोपं होतं. पण काही ठिकाणी ती ओढणाऱ्यालाच बोलणी बसू लागली, कारण तिथल्या मॅनेजरची बढती लाइन चालू राहण्यावर अवलंबून होती. दोरी ओढली की कोण येतं आणि येताना त्याचा चेहरा कसा असतो, हे बसवून मिळत नाही.

भीतीबद्दल अजून एक. एमी एडमंडसन या अमेरिकी संशोधिकेनं रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. तो १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगल्या गटांत औषधं देण्यातल्या चुका कमी असतील अशी तिची अपेक्षा. आकडे उलटे आले. ज्या गटांचं नेतृत्व चांगलं, तिथं चुकांची नोंद जास्त. खोलात गेल्यावर लक्षात आलं की तिथं माणसं चुका सांगत होती, इतरत्र दाबत होती. आपल्या कारखान्यांत 'शून्य अपघात, शून्य तक्रार' असे फलक मिरवणाऱ्यांनी हा अभ्यास मुळातून वाचावा. फलकावरचा शून्य कधी कधी चांगल्या कामाचा असतो. पुष्कळदा तो धाकाचा असतो.

आता आपल्या एमआयडीसीत या. आपल्याकडे गुणवत्ता मंडळं, म्हणजे क्वालिटी सर्कल, १९८०च्या सुमारास हैदराबादच्या 'भेल'पासून सुरू झाली. त्यांतून चांगलं काम झालं आणि अजूनही होतं. पण काइझेनचं, म्हणजे कामगारांनी सतत करायच्या लहान सुधारणांचं, आपण जे करून ठेवलंय ते बघवत नाही. मोठ्या ग्राहक कंपनीच्या ऑडिटमध्ये आकडा विचारतात, म्हणून प्रत्येक माणसामागे महिन्याला दोन काइझेन असा कोटा ठरतो. मग महिनाअखेरीस धावपळ. मशीनला 'स्वच्छता राखा'चा स्टिकर लावला, एक काइझेन. तोच स्टिकर दुसऱ्या मशीनला लावला, दुसरं काइझेन. 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो जोडायचे असतात. घाईत काही वेळा 'नंतर'चा फोटो आधी काढतात आणि मग धूळ टाकून 'आधी'चा. हसू नका, तुमच्यापैकी काहींनी काढलेत. सूचनांची संख्या मोजायला लागलं की लोक संख्या पुरवतात. मोजायचंच असेल तर किती सूचनांना आठवड्याच्या आत उत्तर गेलं ते मोजा. तो आकडा ऑडिटमध्ये कुणी विचारत नाही, कारण तो वरच्यांच्या कामाचा आकडा आहे.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे, आणि तिच्यावर व्यासपीठावरून फारसं बोललं जात नाही. टोयोटाची, नुमीची ही उदाहरणं मुख्यतः कायम कामगारांची. आपल्या कारखान्यांत आज मशीनवर उभा कोण आहे? कंत्राटी मुलगा, शिकाऊ मुलगा, 'कमवा आणि शिका'वाला. कायद्यानं नोकरीचे हक्क लागू होणारे दोनशे चाळीस दिवस भरू नयेत म्हणून सहा-सात महिन्यांत ब्रेक द्यायचा आणि नवीन बॅच आणायची. हातात काम बसतं न बसतं तोच मुलगा दुसऱ्या गेटवर उभा. त्याच्या ओळखपत्रावर कंपनीचं नाव नसतं, कंत्राटदाराचं असतं. सूचना योजनेच्या नियमावलीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की ही योजना कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांसाठी आहे. म्हणजे रोजचा त्रास ज्याला होतो त्याला बोलायची सोय नाही, आणि ज्याला सोय आहे तो केबिनमध्ये किंवा पर्यवेक्षणावर. मग आपण कार्यशाळा घेतो ती कुणासाठी? मला तरी वाटतं, कल्पकतेचा दुष्काळ म्हणून जे सांगितलं जातं त्यातला मोठा भाग भरतीच्या पद्धतीनं केलेला आहे.

कुणी म्हणेल, तुम्ही सगळं बाहेरचं सांगता. आपल्या जवळची किर्लोस्करवाडी विसरलात का? नाही विसरलो. उलट टोयोटाला १९९७ मध्ये भारतात मोटारी करायला भागीदार मिळाला तोही किर्लोस्करच. १९१० मध्ये औंध संस्थानाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभा केला, त्याच्या आधी लोखंडी नांगर खपायला दोन वर्षं लागली होती, लोखंडानं जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती, हे सगळं आपण शाळेपासून ऐकतो. पण नांगराची गोष्ट ही मालकाच्या कल्पकतेची गोष्ट आहे. आजच्या विषयाच्या दृष्टीनं मला लक्ष्मणरावांची माणसं निवडायची पद्धत जास्त मोलाची वाटते. शंभूअण्णा जांभेकर, मंगेशराव रेगे, के. के. कुलकर्णी, अनंतराव फाळणीकर ही सुरुवातीची मंडळी. यांतल्या बहुतेकांकडे दाखवायला मोठी पदवी नव्हती. रात्रीच्या पहाऱ्यावर तर शिक्षा भोगून आलेली माणसं ठेवली होती. ज्याला जे जमेल ते त्याला करू द्यायचं आणि त्याच्यावर सोपवून मोकळं व्हायचं. अर्थात संस्थापकाच्या डोळ्यांसमोर चालणाऱ्या छोट्या कारखान्यात हे जमतं. विस्तार झाल्यावर तेच नियमात कसं बसवायचं हा प्रश्न प्रत्येक पिढीला नव्यानं सोडवावा लागतो.

आतापर्यंत लहान सुधारणांबद्दल बोललो. मोठ्या कल्पनेचं काय? तिथं मामला अवघड होतो. रिचर्ड ड्रू नावाचा तरुण १९२१ मध्ये अमेरिकेतल्या थ्री-एम कंपनीत प्रयोगशाळा साहाय्यक म्हणून लागला. इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, बँजो वाजवणारा. कंपनीचा धंदा तेव्हा सँडपेपरचा. सँडपेपरचे नमुने घेऊन तो मोटारी रंगवणाऱ्या गॅरेजात जायचा. दोन रंगांच्या गाड्यांची तेव्हा फॅशन आली होती; रंगाच्या सीमेवर कागद चिकटवायचे आणि काढताना रंगच निघून यायचा. रंगाऱ्यांच्या शिव्या ऐकून ड्रूनं ठरवलं की आपण चिकटपट्टी करू. सँडपेपरशी संबंध नसलेलं हे काम बंद कर, असं त्याला विल्यम मॅकनाइट या वरिष्ठानं बजावलं. ड्रूनं ते चालूच ठेवलं. मॅकनाइटच्या हे लक्षात आलं, आणि त्यानं डोळेझाक केली. १९२५ मध्ये मास्किंग टेप बाजारात आली आणि सँडपेपरची कंपनी चिकटपट्ट्यांची कंपनी झाली. पुढे मॅकनाइटच्या नेतृत्वाखालीच, १९४८ मध्ये, तांत्रिक लोकांनी आपला पंधरा टक्के वेळ स्वतःच्या आवडीच्या कामावर घालवावा ही प्रथा कंपनीनं स्वीकारली. ही गोष्ट सांगताना सगळे ड्रूचं कौतुक करतात. मला मॅकनाइटचं जास्त वाटतं. हुकूम मोडलेला बघूनही गप्प राहणं वरिष्ठाला फार जड जातं.

आणि आता कोडॅक. ज्या कंपनीनं काचा धुवायच्या सूचनेला दोन डॉलर दिले, तिथंच १९७५ मध्ये स्टीव्हन सॅसन या चोवीस-पंचवीस वर्षांच्या इंजिनिअरनं फिल्मशिवाय फोटो काढणारा कॅमेरा बनवला. साडेतीन किलोंच्या पुढे वजन, एक काळंपांढरं चित्र कॅसेटवर उतरायला तेवीस सेकंद. त्यानं तो वरिष्ठांना दाखवला. त्यांनी त्याला हाकललं नाही, पेटंटही काढलं, त्या पेटंटचे पैसेही पुढे कंपनीनं कमावले. फक्त त्या कॅमेऱ्याला कंपनीत जागा मिळाली नाही, कारण तो फिल्मच्याच मुळावर येणारा होता. २०१२ च्या जानेवारीत कोडॅकनं दिवाळखोरीसाठी अर्ज केला. खिडकीच्या काचेला उत्तर देणारी यंत्रणा कॅमेऱ्याला उत्तर देऊ शकली नाही. लगतचा वरिष्ठ लहान सूचनेला पुरतो. ज्या सूचनेनं त्या वरिष्ठाचाच विभाग बंद पडणार असतो, ती त्याच्यापुढे ठेवून उपयोग नसतो. तिला त्याच्या डोक्यावरून जाणारी वाट हवी, आणि ती वाट मालकानं आधीच राखून ठेवायला हवी.

पैशाबद्दल थोडंसं. निळा एलईडी ज्यांनी बनवला त्या शुजी नाकामुरांना त्यांच्या निचिया कंपनीनं पेटंटबद्दल वीस हजार येन दिले. त्यांनी दावा लावला. २००४ मध्ये टोकियोच्या न्यायालयानं दोन हजार कोटी येन द्या असं सांगितलं. आणि २००५ मध्ये चौऱ्याऐंशी कोटी येनांवर तडजोड झाली. २०१४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. जर्मनीत १९५७ पासून कायदाच आहे की कर्मचाऱ्याच्या शोधावर हक्क सांगणाऱ्या मालकानं वाजवी मोबदला दिला पाहिजे. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात अशा मोबदल्याची तरतूद नाही. सगळं नेमणूकपत्रातल्या एका कलमावर चालतं आणि ते कलम सही करताना कुणी वाचत नाही. रोजच्या लहान सुधारणांना मोठ्या पैशांची गरज नसते असं टोयोटाचा अनुभव सांगतो. मात्र ज्या शोधावर कंपनी कोट्यवधी कमावते, त्याच्यासाठी शाल-श्रीफळावर भागवणं ही कंजुषी आहे, आणि हुशार मुलांना ती बरोबर कळते.

या सभागृहात स्वतःची शेड असलेले, शॉप सांभाळणारे पुष्कळ जण आहेत. त्यांना काही करायचंच असेल तर फार मोठा खर्च नाही. शिफ्ट इनचार्जला चार-पाच हजार रुपये कुणाला न विचारता खर्च करायची मुभा द्या. ट्यूब, फोम, एखादा ब्रॅकेट यासाठी खरेदी विभागाची तीन कोटेशनं मागवू नका. तो सुपरवायझर बिचारा आज दोन्हीकडून मार खातो. वरून टार्गेट, खालून तक्रारी, हातात अधिकार शून्य. त्याला 'लोकांचं ऐका' असं सांगून उपयोग नाही, ऐकून काही करता येईल एवढी ताकद त्याच्याकडे द्या. सूचनेतून वाचलेल्या हातांमुळे कुणाचा रोजगार जाणार नाही आणि वर्षभर टार्गेट वाढणार नाही, हे मराठीत लिहून गेटवर लावा. आणि ज्यानं फिक्श्चर सुधारलं त्याचं नाव त्या फिक्श्चरच्या ड्रॉइंगवर टाका, तो कायम असो वा नसो.

शेवटी एक विनंती. पुढच्या महिन्याच्या उत्पादन बैठकीला तुमच्याकडच्या कंत्राटी मुलांपैकी दोघांना बोलवा. त्या वेळेचे ओव्हरटाइमच्या दरानं पैसे द्या. त्यांना पहिल्यांदा बोलू द्या, कारण साहेब आधी बोलले की ती मुलं फक्त मान हलवतील. ते जे सांगतील ते इतिवृत्तात त्यांच्या नावासकट लिहा, आणि आठ दिवसांच्या आत, मुलं ब्रेकवर जायच्या आधी, त्यांना उत्तर द्या.